सेलमध्ये पाणी तयार होतं, तरी पडदा वाळतो

अथणीकर, नमस्कार. फ्यूएल सेलच्या (हायड्रोजन आणि हवेतल्या ऑक्सिजनपासून वीज बनवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यात नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, मिसळण्याबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की, फ्यूएल सेलमध्ये हायड्रोजन-ऑक्सिजनपासून पाणीच बनतं, मग पडदा वाळेल कसा? वाळलाच तर हवा ओली करून सोडा, नॅनोकणांचं थोतांड कशाला? आणि शेतपंपाला हे कधी चालणार?

पडद्याच्या एका बाजूला हायड्रोजन असतो, दुसऱ्या बाजूला हवा. पाणी बनतं, पण हवेच्या बाजूला. हायड्रोजनपासून सुटून पडद्यातून जाणारे प्रोटॉन (धनभारित कण) हायड्रोजनच्या बाजूचं पाणी सोबत ओढून नेतात, म्हणून ती बाजू आधी वाळते. त्यात आपली मे महिन्यातली हवा. ४० अंशांच्या हवेत ३० टक्के आर्द्रता असली, तरी ८० अंशांच्या सेलमध्ये तापल्यावर तीच ५ टक्क्यांच्या खाली जाते. अशी हवा शिरते तिथला पडदा कोरडा पडतो. नाफिऑन या प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या पडद्यात प्रोटॉन पाण्याच्या वाटेनेच सरकतात. वाट आटली की वीज घटते.

हवा ओली करता येते, गाड्यांत करतातही. पण ते आणखी एक यंत्र झालं, त्याची जागा, खर्च, बिघाड आलेच. पडद्यानेच पाणी धरून ठेवलं तर ते यंत्र लहान करता येतं. सिलिकाचे (वाळूतल्या पदार्थाचे) नॅनोकण त्यासाठीच मिसळतात.

थोतांड म्हणालात, तर तुमच्याच रानात बघा. मामाच्या शेतात उन्हाळ्यात भेगेत मनगटापर्यंत हात जायचा. वर नुसता फुफाटा, आत मात्र माती गार, बोटांना चिकटणारी. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट हे खनिज असतं. त्याचा एकेक पापुद्रा सुमारे १ नॅनोमीटर (मीटरचा अब्जावा भाग) जाड, आणि पाणी त्या पापुद्र्यांच्या मधे धरलेलं. हेच खनिज शुद्ध करून, त्याला आम्लगट जोडून पडद्यात मिसळण्याचे प्रयोग झाले आहेत. नुसती माती चालत नाही, ती प्रोटॉन नीट पुढे नेत नाही.

एका ठिकाणी मात्र तुमचा राग रास्त आहे. ‘नॅनोकण घातले की प्रश्न मिटला’ हे माझं वाक्य चूक होतं. कण जास्त झाले की गोळे होतात, पडदा ठिसूळ बनतो. शिवाय ओलं-कोरडं होताना पडदा फुगतो, आकसतो आणि शेवटी तडकतो, तुमच्या रानासारखाच. वाक्य आज दुरुस्त केलंय.

शेतपंपासाठी सध्या सोलरच घ्या. सोलरच्या विजेने हायड्रोजन बनवून परत वीज करायची, तर निम्म्याहून जास्त ऊर्जा वाटेतच जाते. दिवसा पाणी उपसायला ऊन थेट वापरलेलं बरं.