श्रावणात भिंती रंगवायची घाई कशाला करता ओ?

श्रावण लागला की माझ्या दुकानात भांडणं सुरू होतात. गणपतीच्या आधी घर रंगवून काढायचंच, हा आमच्या बेळगावकरांचा हट्ट. शहापूर असो, वडगाव असो, अनगोळ असो, नाहीतर खानापूरकडचं एखादं खेडं. वर्षभर भिंतीकडे ढुंकून बघायचं नाही आणि बाहेर पावसाची झड लागली की रंगाऱ्याच्या मागं लागायचं. मग भाद्रपद संपायच्या आत तेच गिऱ्हाईक हातात रंगाचे पोपडे घेऊन दारात उभं. "काय रंग दिलासा ओ तुम्ही? डबाच खराब होता की!"

डबा खराब नव्हता. डब्यातल्या मालाला त्याचं काम करायला वेळच दिला नाही तुम्ही. दरवर्षी तोंडानं सांगून घसा बसतो, म्हणून आता लिहूनच टाकतो.

इमल्शन, म्हणजे भिंतीला लावायचा हा पाण्यातला रंग, म्हणजे नुसतं रंगवलेलं पाणी नव्हे. पाण्यात ॲक्रिलिकसारख्या पॉलिमरचे, म्हणजे प्लास्टिकच्या जातीच्या पदार्थाचे, अतिसूक्ष्म गोळे तरंगत असतात. एक गोळा साधारण १०० ते २०० नॅनोमीटरचा, म्हणजे माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे चार-पाचशे तरी शेजारी-शेजारी मावतील. सोबतीला टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं रंगद्रव्य, भर म्हणून दुसरी पांढरी भुकटी, रंगाला दाटपणा देणारी द्रव्यं, आणि हे गोळे डब्यातच एकमेकांना चिकटू नयेत म्हणून घातलेली साबणाच्या जातीची द्रव्यं. भिंतीवर हात मारला की पाणी उडायला लागतं आणि गोळे जवळजवळ येत एकमेकांना टेकतात. गोल वस्तू कितीही दाटीनं भरा, मध्ये फटी राहणारच. कशाही पडल्या तर ६४ टक्क्यांच्या आसपास जागा भरते, अगदी शिस्तीत रचल्या तर ७४. उरलेल्या फटींत अजून पाणीच असतं. आणि नेमकं याच वेळी आमचा मिस्त्री भिंतीला बोट लावून म्हणतो, "झालं बघा मालक, हाताला लागत न्हाई. दुसरा हात आजच मारून टाकतो."

अरे, खरं काम तर इथून पुढं सुरू होतं! फटींतलं पाणी बाहेर पडताना गोळ्यांना एकमेकांवर दाबतं. जी. एल. ब्राऊन या शास्त्रज्ञांनी केशाकर्षणाचा, म्हणजे बारीक फटींतल्या पाण्याच्या ओढीचा, हा जोर १९५६ सालीच मांडून ठेवलाय. त्या दाबानं गोळे चेपतात, गोलाई जाते, सपाट बाजू येतात, आणि मधमाशीच्या पोळ्यातल्या कप्प्यांसारखे ते एकमेकांना बिनफट भिडतात. तरीसुद्धा काम संपत नाही. एका गोळ्यातल्या पॉलिमरच्या लांब साखळ्या सरकत-सरकत शेजारच्या गोळ्यात शिरून गुंतायला लागतात, तेव्हा कुठं त्या थराला ताकद येते. नुसते भिडलेले गोळे ठिसूळ असतात, ओल्या फडक्यानं पुसलं तरी निघून येतात. साखळ्या गुंतायला तास नाही, दिवस लागतात; भिंत धुण्याजोगी पक्की व्हायला दोन-चार आठवडे. आणि आमच्याकडं तिसऱ्या दिवशी भिंतीला टेकून मखर उभं राहतं, त्यावर चिकटपट्टी लागते. उतरवताना पट्टीबरोबर रंग येणार नाही तर काय होणार?

सुताराकडचा पांढरा गोंद बघितलाय ना? तोही याच घराण्यातला. ओला असताना दुधासारखा, कारण ते बारीक कण उजेड विखुरतात. कण एकजीव झाले की पारदर्शक. पण सुतार जोड आवळून रात्रभर ठेवतो. त्याला कुणी विचारत नाही, "तासात का उघडत न्हाईस?" रंगाऱ्याला मात्र सगळे विचारतात.

आता पावसाळ्याचं. "वॉटर-बेस्ड हाय न्हवं, मग पावसात काय बिघडतंय?" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं सणकतं. वॉटर-बेस्ड आहे म्हणूनच बिघडतंय! त्यातलं पाणी हवेनं उचलून न्यायचं असतं, आणि श्रावणात आपल्या हवेत आणखी वाफ मावायलाच जागा नसते. पाणी रेंगाळतं, थर तासन्‌तास कच्चा राहतो, आणि त्यातली ती साबणासारखी द्रव्यं सावकाश वर येऊन बसतात. मग रात्रीच्या दवानं नाहीतर पावसाच्या शिंतोड्यानं भिंतीवर मेणचट, चिकट ओघळ उतरतात. गडद रंगावर तर लांबून दिसतात. बाहेरच्या भिंतीवर नुसते असे ओघळ असतील तर हलक्या हातानं धुतल्यावर बहुतेकदा जातात, पण गिऱ्हाईक तोवर दुकानात येऊन माझ्या बापजाद्यांचा उद्धार करून गेलेलं असतं. त्यात पहिला हात कच्चा असताना दुसरा मारला, की खालचं पाणी कोंडतं. दोन दिवसांनी ऊन पडलं की तेच फुगे होऊन वर येतं.

उन्हाळ्यातही हीच अक्कल. चैत्रात पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर भर तीन वाजता रोलर फिरवायचा. पाणी इतक्या झपाट्यानं उडतं की गोळ्यांना नीट बसायला सवडच मिळत नाही. वरती पापुद्रा धरतो, खाली ओल. त्यात वाळणं कडेकडून आत सरकत असतं, म्हणून ओली कड तुटू न देता भिंत एका दमात संपवावी लागते. आमचे भाऊ अर्ध्या भिंतीवर चहाला जातात आणि आल्यावर तिथूनच पुढं चालू करतात. तो जोडाचा पट्टा मग जन्मभर बघत बसा.

आणि पाणी घालणं! डब्यावर माप लिहिलेलं असतं, ते कुणी वाचायचं? रोलर हलका फिरावा म्हणून बादलीत बिनमाप पाणी ओततात. थर पातळ होतो, ओघळतो, खालचा डाग झाकत नाही. काही महाभाग डबा पुरावा म्हणून त्यात स्वस्तातली पांढरी भुकटी मिसळतात. भुकटी एका हद्दीपलीकडं गेली की तिच्या कणांमधल्या जागा भरायला पॉलिमर पुरत नाही, सगळा थर सच्छिद्र राहतो आणि भिंतीला पाठ टेकली की शर्ट पांढरा. बोल मात्र दुकानदाराला.

भिंतीचं तर विचारूच नका. नवा गिलावा महिनाभर तरी मुरू द्यायला नको का? त्यात सिमेंटचा क्षार जिवंत असतो, आतली ओल त्याला बाहेर ढकलते, लोणा फुटतो. जांबोटीकडची जांभ्या दगडाची भिंत पावसाळाभर पाणी पिऊन बसलेली असते. तिला बाहेरून रंगानं बंद केलं की आतलं पाणी रंगाला ढकलूनच बाहेर येणार.

रंग बनवणाऱ्यांनाही मी सोडणार नाही. डब्यावर बारीक इंग्रजीत लिहून मोकळे: दुसरा हात तीन-चार तासांनी. कुठल्या हवेत? रंगाच्या चाचण्या साधारण २३ अंश आणि ५० टक्के दमटपणा धरून करतात. ती हवा घाटातल्या कणकुंबीला श्रावणात कधी असते, सांगा ना! अथणीकडं कोरडं आणि खानापूरच्या घाटमाथ्याला धो-धो, एकाच जिल्ह्यात, आणि दोन्हीकडं तोच डबा, तोच आकडा. मोठ्या अक्षरांत, कन्नडमधून आणि मराठीतून, "पावसाळ्यात दुप्पट वेळ थांबा" एवढं छापायला किती शाई लागते?

पण खरा राग मला रंगाऱ्यापेक्षा घरमालकावर येतो. स्क्वेअर फुटाच्या भावात घासाघीस करून ठेका ठरवायचा, त्यात "चार दिवसांत मोकळं करून द्या, पाव्हणे येणार आहेत" अशी अट घालायची. मग तो गरीब माणूस थर मुरायची वाट बघत बसला, तर त्या दिवसाची मजुरी कोण देणार? तो घाई करणारच, त्याला निपाणीला दुसरं काम धरायचंय. दसऱ्यानंतर पाऊस ओसरतो, हवा कोरडी होते, ऊनही कोवळं असतं. दिवाळीच्या आधी रंगवा की! तेव्हा नकोच असेल आणि गणपतीलाच पाहिजे असेल, तर ज्येष्ठाच्या आधी या. आणि श्रावणातच रंगवायचं ठरवलं असेल, तर दोन हातांच्या मधला रिकामा दिवस रंगाऱ्याच्या हिशेबात धरा, त्याचे पैसे आधी मोजा, आणि मगच माझ्याकडं डबा मागायला या.