शेअर्ड नॅनो लॅबमध्ये सुखाने कसं जगावं (दुसऱ्याच्या जिवावर)

सगळ्यात आधी अभिनंदन. तुम्हाला नॅनो फॅसिलिटीचं ॲक्सेस कार्ड मिळालं, आता दाराला कार्ड लावलं की टींग वाजतं आणि आत अशी अशी मशिनं आहेत की जी बिघडली तर तुमच्या खिशातून एक दमडी जात नाही. शेअर्ड लॅबचं खरं सौंदर्य हेच आहे बघा. स्वतःच्या गाइडच्या लॅबमध्ये बीकर फुटला तर कोणी फोडला ते पाच मिनिटांत कळतं, इथे मात्र सतराशे साठ युजर, प्रत्येकाचं डिपार्टमेंट वेगळं, यायची वेळ वेगळी, त्यामुळे पाप कुणाचं हे शेवटपर्यंत ठरत नाही. याचा पुरेपूर फायदा कसा घ्यायचा ते सिनियर म्हणून सांगणं माझं कर्तव्य आहे.

ट्रेनिंगपासून सुरुवात करू. सेफ्टीची ऑनलाइन क्विझ असते, तिच्या उत्तरांचे स्क्रीनशॉट ग्रुपवर फिरत असतात, ते घ्या आणि दहा मिनिटांत सर्टिफिकेट काढून मोकळे व्हा. व्हिडिओ बघत बसू नका, त्यात उगाच मूड घालवणाऱ्या गोष्टी असतात. म्हणजे कॅरन वेटरहान नावाच्या अमेरिकेतल्या केमिस्ट्रीच्या प्रोफेसर, विषारी धातूंवरच त्यांचं काम, १९९६ मध्ये डायमिथाइल मर्क्युरीचे एकदोन थेंब लेटेक्स ग्लोव्हवर पडले, ग्लोव्ह घातलेला होता, हूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) काम चालू होतं, सगळं नियमात, आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये त्या गेल्या. ते केमिकल लेटेक्समधून सेकंदांत आरपार जातं हे नंतर टेस्ट केल्यावर कळलं. आता असलं काही ऐकलं की माणूस ग्लोव्हचा बॉक्स हातात घेऊन "हा नायट्राइल आहे का, याला हे केमिकल चालतं का" असले प्रश्न विचारत बसतो, मशिनचा बुक केलेला स्लॉट निघून जातो. त्यापेक्षा जो बॉक्स जवळ आहे त्यातला घाला. निळा रंग दिसला की सेफ.

आणि एकदा घातलेला ग्लोव्ह काढू नका. ॲसिड बेंचवर वापरला तोच घालून दार उघडा, माउस धरा, मोबाइलवर रिप्लाय द्या, मायक्रोस्कोपचा फोकस नॉब फिरवा. नॉब थोडा ओला, थोडा चिकट लागतो, तो तसाच ठेवा. पुढचा युजर फोकस नीट लागावा म्हणून ग्लोव्ह काढून उघड्या बोटांनी फिरवणार आहे, आणि मग तोच हात डोळ्याला लावून आयपीसमध्ये बघणार आहे. त्याचं तो बघेल.

एचएफबद्दल लोक फार बाऊ करतात. एचएफ म्हणजे हायड्रोफ्लोरिक ॲसिड, दिसायला पाण्यासारखं, आणि पातळ सोल्युशन हातावर पडलं तर लगेच आग पण होत नाही, कधीकधी काही तास काहीच जाणवत नाही, तेवढ्या वेळात ते कातडीतून आत जाऊन शरीरातलं कॅल्शियम धरायला लागलेलं असतं, आणि जास्त गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणजे बघा, दुखायला लागेपर्यंत तुमचं एचिंग (ॲसिडने थर खाऊन काढणं) आरामात संपतं, प्रॉब्लेम कुठे आहे? बेंचजवळ कॅल्शियम ग्लुकोनेट जेलची ट्यूब ठेवलेली असते, तिची एक्स्पायरी बघायची नाही, बघितली तर नवीन मागवायचा ईमेल करावा लागतो. एचएफ काच खातं म्हणून प्लास्टिकचे वेगळे बीकर असतात हे खरं, पण ते कोणीतरी न धुता सिंकमध्ये टाकलेले असतात (बहुतेक तुम्हीच).

काम झालं की उरलेलं बीकरमध्ये हूडमध्ये ठेवून द्या. लेबल नको. अगदीच सेफ्टीवाल्यांनी टोकलं तर मार्करने "माझं आहे, हात लावू नये" असं लिहा, नाव लिहू नका, तारीख लिहू नका. मी एका बीकरवर नुसतं "एचएफ?" लिहिलेलं बघितलंय. ते प्रश्नचिन्ह मला फार आवडलं, किती प्रामाणिक माणूस असेल. आणि हूड म्हणजे शेवटी फुकटचं कपाटच, त्यात रिकाम्या बाटल्या, जुने टिश्यू, मागच्या बॅचच्या मुलाचे सॅम्पल सगळं भरून ठेवलं की मागच्या बाजूने हवा ओढायच्या फटी बुजतात, पण पंख्याचा आवाज येत राहतो ना, मग झालं. पुढची काच पूर्ण वर ठेवा, काम करायला मोकळं वाटतं.

पिराना (सॅम्पल साफ करायचं जहाल मिश्रण) बनवायची वेळ आली तर मजा आहे. तीन भाग सल्फ्युरिक ॲसिड, एक भाग हायड्रोजन पेरॉक्साइड, पेरॉक्साइड ॲसिडमध्ये हळूहळू घालायचं, उलटं नाही, आणि ते मिश्रण आपोआप १०० डिग्रीच्या वर तापतं, ॲसिटोनसारखं काही ऑरगॅनिक त्यात गेलं तर स्फोट. पुस्तकात लिहिलंय की उघड्या बीकरमध्ये थंड होऊ द्या, रात्रभर ठेवा, वर नाव नंबर लिहा. एवढा वेळ कोणाकडे आहे? कोमट असतानाच वेस्टच्या बाटलीत ओता आणि झाकण गच्च लावा. आतून गॅस निघत राहतो, बाटली तडकायला बराच वेळ लागतो, तोपर्यंत तुम्ही घरी जाऊन झोपलेले असता. बाटली कपाटात सॉल्व्हेंट वेस्टच्या शेजारीच ठेवा, म्हणजे शोधणाऱ्याला एका ठिकाणी सगळं मिळेल.

आता मुख्य कला, म्हणजे काहीच न तोडता दुसऱ्याचा थिसिस कसा तोडायचा. सोनं. तुमच्या वेफरवर (सिलिकॉनच्या पातळ चकतीवर) गोल्डचे काँटॅक्ट आहेत, तो ज्या चिमट्याने धरला तोच चिमटा "नॉन गोल्ड" लिहिलेल्या ट्रेमध्ये ठेवा, किंवा सरळ तो वेफरच क्लीन फर्नेसमध्ये ढकला, कारण गोल्डवाली फर्नेस बुक होती आणि तुम्हाला गुरुवारी गाइडला रिझल्ट दाखवायचाय. सोनं गरम सिलिकॉनमध्ये भन्नाट वेगाने पसरतं आणि तिथे इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) एकमेकांना भेटून संपायची सोय करून देतं, म्हणजे कॅरियर लाइफटाइम (ते टिकायचा काळ) कोसळतो. फर्नेसच्या क्वार्ट्झ ट्यूबला बाहेरून काही दिसत नाही, एकदम स्वच्छ. तुमचा सॅम्पल मस्त निघतो. पुढचे कित्येक आठवडे त्या ट्यूबमधून जे जे जाईल त्याचा लीकेज करंट (नको तिथून गळणारा करंट) वाढलेला, आणि एखादी बिचारी मुलगी रेसिपी बदलते, गॅस फ्लो बदलते, नवीन वेफर मागवते, तिच्या गाइडला तर वाटायला लागतं की काहीतरी नवीन फिजिक्स सापडलंय. सापडू दे की. विज्ञानाला तुमचं योगदान समजा. फक्त लॉगबुकमध्ये मटेरियलच्या रकान्यात "सिलिकॉन" एवढंच लिहा, खोटं पण नाही.

लॉगबुकचं म्हणाल तर "ओके" हा शब्द पुरतो. एसईएमची (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची) सॅम्पल ठेवायची स्टेज फार वर गेली आणि वरच्या लेन्सला टेकली, कट्ट असा बारीक आवाज आला, तर घाबरायचं नाही, स्टेज खाली घ्या, सॉफ्टवेअर बंद करा, "ओके" लिहा, निघा. पावडर कार्बन टेपवर सैल टाकली होती आणि व्हॅक्यूमच्या वेळी उडून वर गेली, तरी "ओके". पुढचा माणूस तासभर ॲस्टिग्मॅटिझम (इमेज ताणलेली दिसण्याचा दोष) सेट करत बसेल आणि स्वतःच्या डोळ्यांचा नंबर वाढला समजेल. स्लॉट नेहमी आख्ख्या दिवसाचा बुक करा, यायचं मात्र दोनच तासांसाठी, कॅन्सल कधीच करू नका.

पावडरवरून आठवलं, कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांची काळी पावडर) वजन करायला उघडा काटा वापरा, एसीच्या बरोबर खाली. पॅनवर काळा डाग राहतो तो पुसू नका, त्यावर फुंकर मारा, लगेच स्वच्छ. कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश संस्थेने २०१३ मध्ये नॅनोट्यूबसाठी शिफारस केलेली मर्यादा म्हणजे आठ तासांच्या सरासरीला एक घनमीटर हवेत एक मायक्रोग्राम. एक मायक्रोग्राम कुणाला दिसतो का, नाही ना, मग जे दिसत नाही त्याची काळजी नॅनोवाल्यांनी कशाला करायची.

लिक्विड नायट्रोजनचा ड्युअर (थर्माससारखं भांडं) असेल तर लिफ्टमध्ये त्याच्यासोबत उभे राहा, एकट्याला पाठवलं तर त्याला वाईट वाटेल. एक लिटरचा जवळपास सातशे लिटर गॅस होतो, लिफ्ट अडकली की आतला ऑक्सिजन कमी होतो आणि माणसाला काही कळायच्या आत झोप येते. खोलीत ऑक्सिजनचा अलार्म असतो, तो १९.५ टक्क्यांच्या खाली गेलं की ओरडतो, फार डोकं उठवतो, त्याचा म्यूट बटन डाव्या बाजूला आहे.

क्लीनरूमचं (धूळ गाळून काढलेल्या खोलीचं) एका वाक्यात सांगतो, क्लास १०० म्हणजे एक घनफूट हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा मोठे कण शंभरपेक्षा जास्त नकोत, त्यामुळे साधी वही आत नेऊन पान टर्रकन फाडा, कागदाचे कण उडू द्या.

राहिलं सेफ्टी ऑडिट. तारीख आधी कळते हे देवाचे उपकार. आदल्या दिवशी आयवॉशसमोरचे (डोळे धुवायच्या नळासमोरचे) खोके हलवा, त्याचा नळ एकदा सोडा, पहिलं तांबडं पाणी जाऊ द्या (दर आठवड्याला सोडायचा असतो म्हणे). ज्या ज्या बाटल्यांवर लेबल नाही त्या सगळ्या एका ट्रॉलीवर रचा आणि शेजारच्या बंद खोलीत ढकला, खडखड होणारच, लक्ष देऊ नका. ऑडिटवाले फोटो काढून, चहा पिऊन, "व्हेरी गुड" म्हणून गेले की ट्रॉली परत आणायची. ती आणायला या महिन्यात जॉइन झालेल्या मुलाला पाठवा. कोणत्या बाटलीत काय आहे हे त्याला माहीत नसतं, त्यामुळे तो अजिबात घाबरत नाही, एका हाताने ओढत आणतो.