आकाशकंदिलाला ओएचपी शीटच बरी

अल्कोहोल इंक, म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या रंगाची शाई, यावरच्या लेखातलं ‘युपोशिवाय दुसऱ्या कशावरही अल्कोहोल इंक लावणं म्हणजे शाई वाया घालवणं’ हे वाक्य पटलं नाही. हँडमेड कागद शाई पिऊन टाकतो, हे खरंच. पण मुद्दा शाई न शोषणाऱ्या पृष्ठभागाचा आहे. युपो हा कागद म्हणवला तरी काय, पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लॅस्टिकच! मी लातुरात आकाशकंदील करते, त्यासाठी ओएचपी शीट, म्हणजे प्रोजेक्टरची पारदर्शक प्लॅस्टिक शीट, वापरते. ही शाई पारदर्शक असल्यामुळे आत एलईडी लावला की रंग असे उजळतात, की पांढऱ्या युपोवर ती मजा नाही.

आणि हवेबद्दल लेखात एक अक्षर नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, शाई पसरवायला लागणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल भराभर उडतं, रंग पसरायच्या आत कडा धरतो. मी तेव्हा पहाटेच बसते. खिडकी उघडी, गॅस आणि देवाजवळचा दिवा लांब.