टाकी धुतली, नळाचं काय?

नाशिकमध्ये २२ वर्षं प्लंबिंगची कामं घेतोय. बंगले, सोसायट्या, मधूनमधून दवाखाने. गेल्या आठवड्यात एका खासगी हॉस्पिटलमधून बोलावणं आलं, दुसऱ्या मजल्यावर पाणी बारीक येतंय म्हणून. (नाव विचारू नका, बिल अजून निघायचंय.) बेसिनच्या नळाची जाळी फिरवून काढली तर आतून तपकिरी, बुळबुळीत गोळा निघाला. बोटावर घेतला तर शेंबडासारखा ताणला गेला. आणि समोरच्याच भिंतीवर टाकी स्वच्छ केल्याचं सर्टिफिकेट, फ्रेम करून!

टाकी धुतली की आपण सुटलो असं सगळ्यांना वाटतं. घाण खरी बसते ती टाकीपासून नळापर्यंतच्या पाइपात.

त्या मजल्यावर पूर्वी एक टॉयलेट होतं. ते तोडून बिलिंग काउंटर केलं. नळ काढले, प्लग मारले, भिंतीतली लाइन मात्र तशीच. आठ-दहा फूट पाइपातलं पाणी कुठे जातच नाही. असे प्लग मीही मारलेत, खोटं कशाला बोलू. लाइन मुळापासून तोडायची तर टाइल्स फोडाव्या लागतात, त्याचे पैसे कोणी देत नाही. साचलेल्या पाण्यातलं क्लोरीन हळूहळू संपतं. पाइपात आतून क्षार धरलेला असतो, त्या खरबरीत भिंतीला जंतू चिकटतात आणि थर करतात. मग वरून टाकीत कितीही क्लोरीन ओता, थराच्या आतपर्यंत ते नीट पोचत नाही. लिजिओनेला नावाचा जंतू तर त्याहून चलाख, पाण्यातल्या अमीबाच्या पोटात शिरून तिथेच वाढतो. १९७६ साली फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलातल्या संमेलनात माणसं न्यूमोनियाने दगावली, तेव्हा हा जंतू पहिल्यांदा उजेडात आला.

त्याला साधारण २० ते ४५ अंशांचं पाणी मानवतं. म्हणून नियम असा की थंड पाणी २०च्या खाली ठेवा, गरम पाणी ६०वर साठवा. आता मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीचा नळ दुपारी सोडून बघा! थंड पाण्याचं तापमान काही आपल्या हातात नाही. गरम पाण्याचं आहे, तर तिथे सोलर आणि गिझर ४०-४५वर ठेवतात, वीज वाचते आणि पेशंट भाजत नाही म्हणून. भाजण्याची भीती खरी आहे. पण त्यासाठी नळापाशी गरम-थंड पाणी मिसळणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह लावा. साठवणीतच पाणी कोमट ठेवणं म्हणजे विरजण लावून ठेवणं.

"आमच्याकडे पेशंटला आरओचंच पाणी देतो," असं मॅनेजर म्हणाले. अहो, लिजिओनेला मुख्यतः शॉवरच्या, नेब्युलायझरच्या तुषारांतून फुप्फुसात जातो. वॉर्डात एक नातेवाईक ऑक्सिजनला ओलावा देणारी पाण्याची बाटली बेसिनच्या नळाखाली भरताना मी स्वतः पाहिला. तिथे निर्जंतुक पाणीच हवं, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. स्यूडोमोनास नावाचा जंतू आणखी वेगळा, तो नळाच्या तोंडाशीच बसतो, जाळीत, रबरी वॉशरमध्ये, लवचीक नळीत. २०१२च्या जानेवारीत बेलफास्टच्या नवजात कक्षात त्याने बाळं दगावली, आणि जंतू नळांत सापडला.

मी तीन कामं लिहून दिली: मेलेली लाइन मुळापासून तोडा, जाळ्या बदला, न वापरातले नळ रोज काही मिनिटं सोडा. पहिल्याला "पुढच्या वर्षी बघू". जाळ्या त्याच दिवशी बदलल्या.

तिसऱ्यासाठी मी टोकाच्या खोलीतला नळ सोडून उभा होतो, तर सफाईच्या मावशी धावत आल्या. "भाऊ, पाणी काय फुकट येतं का? गंगापूर धरण आटलं की आमच्याच वस्तीला टँकर!" मी समजावलं, नळापासून लांब उभं राहायलाही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, नळाखाली बादली सरकवली आणि म्हणाल्या, "मग रोज मीच सोडते. फरशीला लागतंच की."