‘शून्य बालमृत्यू’ असं भिंतीवर रंगवण्याआधी

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ‘शून्य बालमृत्यू’ रंगवलेलं दिसलं की कौतुक करण्याआधी एक साधा हिशेब मांडून बघा. महाराष्ट्राचा जन्मदर हजारी १५ च्या आसपास. म्हणजे दोन हजार वस्तीच्या गावात वर्षाला तीसेक बाळं जन्मतात. त्यातलं एक दगावलं तर त्या वर्षीचा अर्भक मृत्युदर (हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावलेली बाळं) झाला ३३. एकही दगावलं नाही तर शून्य. केंद्र सरकारच्या नमुना नोंदणीच्या (एसआरएस) २०२० च्या आकड्यांत राज्याचा दर १६ आहे. म्हणजे हेच गाव एका वर्षी राज्याच्या दुप्पट वाईट आणि दुसऱ्या वर्षी केरळच्याही पुढे! गावात मधल्या काळात बदललेलं काहीच नसतं. म्हणून गावाने दर काढूच नये, असं माझं मत. मृत्यू एकेक करून मोजावेत, कारणासह. दर हवाच असेल तर उपकेंद्राच्या पाचेक हजार लोकसंख्येचा, तीन-चार वर्षांचे आकडे एकत्र करून काढावा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं इथे काही चालत नाही. ते जिल्ह्यापर्यंत येऊन थांबतं. २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं खुजी निघाली, पण त्यातली आपल्या वस्तीवरची किती, हे त्यात सापडणार नाही. ते गावालाच मोजावं लागतं, आणि गावात ती माहिती एका जागी कधीच नसते.

आशाची वही, अंगणवाडी सेविकेचं रजिस्टर (आता मोबाइलही) आणि ग्रामसेवकाची जन्म-मृत्यू नोंद. तिन्हीत बाळांची संख्या वेगवेगळी येते, आणि त्यात कुणाची लबाडी असतेच असं नाही. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते. प्रसूती तालुक्याच्या दवाखान्यात होते. कायद्याने जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथे होते, म्हणजे तालुक्याला. माहेरची आशा म्हणते ती सासरची, सासरची आशा म्हणते ती अजून आलीच नाही. बाळ सव्वा महिन्याच्या आत गेलं तर दोन्ही गावांच्या वहीत ते कधी जन्मलंच नव्हतं. गावाने आणि कर्मचाऱ्यांनी मिळून हे काम करायचं, याला ‘स्थानिक भागीदारी’ म्हणतात. शब्द मोठा वाटतो, पण तिची पहिली पायरी एवढीच: महिन्यातून एकदा या तीन वह्या एका टेबलावर उघडायच्या आणि नावं एकमेकांशी ताडून बघायची. बचतगटातली एखादी जुनी बाई सोबत बसवा. कुणाची सून कुठे गेलीय, ते तिला वहीशिवाय ठाऊक असतं.

दुसरी गळती ‘मृत जन्म’ या रकान्यात होते. बाळ दोन मिनिटं जगून गेलं तरी ते मृत जन्मात टाकलं जातं, कारण तो अर्भक मृत्यू धरला जात नाही आणि चौकशीही टळते. आईला किंवा सुईणीला नेमकं विचारायचं असतं: रडलं का, हललं का, श्वास घेतला का? एकाचंही उत्तर हो आलं तर तो जिवंत जन्म आणि नंतरचा मृत्यू.

गावपातळीवरची अशी मोजणी नवी नाही. राज्यातल्या १३ स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या भागातले बालमृत्यू घरोघर जाऊन मोजले होते. २००१ साली ‘कोवळी पानगळ’ या नावाने त्यांचा अहवाल आला, आणि सरकारी नोंदीत न दिसणारी बाळं त्यात दिसली. मोजणारा आणि ज्याला जाब विचारला जाणार तो एकच असला की आकडा गोंडस होतो. सेविकेने दहा मुलं तीव्र कुपोषित दाखवली की तिलाच आधी फैलावर घेतलं जातं. पुढच्या महिन्यात ती तीन दाखवते. दोष तिला कसा देणार?

मोजण्याची पद्धतही पाहावी लागते. वजनकाट्याची खात्री करायला प्रयोगशाळा लागत नाही. वाण्याकडचं शिक्का मारलेलं पाच किलोचं वजन आणा, काट्याला लावा. पाच किलो शंभर ग्रॅम दाखवत असेल तर त्या दिवशीची सगळी वजनं चुकली. थंडीत स्वेटरसकट, वाळ्यांसकट वजन करू नका. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवूनच घ्यायची. उभं करून घेतली तर सुमारे ०.७ सेंमी कमी भरते. हे क्षुल्लक वाटतं, पण मुलाचं वजन त्याच्या लांबीशी ताडून श्रेणी ठरते; एका सेंटीमीटरने तिची सीमा दीड-दोनशे ग्रॅमने सरकते, आणि मूल तीव्र कुपोषितातून मध्यमात जाऊन बसतं. दंडाचा घेर मोजायची पट्टी त्यामानाने सोपी. डावा दंड, खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, हात सैल सोडलेला. वय सहा महिने ते पाच वर्षं. ११.५ सेंमीच्या खाली तीव्र, तिथून १२.५ च्या आत मध्यम. पट्टी आवळली तर धडधाकट मूल कुपोषित होतं, सैल ठेवली तर कुपोषित मूल सुटतं. म्हणून दर दहा मुलांमागे एकाचं माप दुसऱ्या माणसाने, पहिला आकडा न बघता, पुन्हा घ्यावं.

हिमोग्लोबिनचंही तसंच. बोट पिळून काढलेल्या थेंबात अंगातलं पाणी मिसळतं आणि आकडा उतरतो. पहिला थेंब पुसायचा, दुसरा आपसूक येऊ द्यायचा.

पाण्यासाठी ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन असेल तर पिवळा रंग देणारी चाचणी) टाकीपाशी करून उपयोग नाही. टाकीपाशी ती पिवळी येणारच. शेवटच्या वस्तीच्या शेवटच्या नळाला ०.२ पीपीएम क्लोरीन उरतो का, ते बघा. टीसीएलचं (पाण्यात टाकायच्या क्लोरीन पावडरचं) पोतं तोंड उघडं ठेवून तीन महिने पडलं असेल तर जलसुरक्षकाने मोजून टाकूनही तो उरणार नाही.

ऊसतोडीच्या गावांनी सर्वेक्षणाचा महिना जपून निवडावा. दिवाळीनंतर निम्मं गाव फडावर असतं. उरतात म्हातारी माणसं आणि त्यांच्याजवळ ठेवलेली मुलं. जानेवारीत मोजलं तर आजारी वाढलेले दिसतात, आणि ज्यांची तब्येत खरंच ढासळते ते टोळीसोबत मोजणीबाहेर असतात. मे-जूनमध्ये, टोळ्या परतल्यावर मोजा.

‘बरं चाललंय ना?’ हा प्रश्न मात्र सर्वेक्षणात घालू नका. त्याला आपल्याकडे एकच उत्तर आहे. गेल्या पंधरा दिवसांत सकाळी उठल्यावर ताजंतवानं किती दिवस वाटलं, मन शांत किती दिवस होतं, असं विचारलं की माणूस थांबून विचार करतो. जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची यादी याच धाटणीची आहे: प्रत्येकाला ० ते ५ गुण, बेरजेला चारने गुणायचं, १०० पैकी आकडा मिळतो. सुनेला सासूसमोर विचारू नये, हे यादीत लिहिलेलं नसतं.

मग या आकड्यांचं करायचं काय? २००७ पासून राज्यात लोकाधारित देखरेख, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेवर लोकांनीच नजर ठेवणं, सुरू झाली, आधी पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती, उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत. त्यातली हिरव्या-पिवळ्या-लाल रंगांची गुणपत्रिका आणि जनसुनवाई ही जोडी मला अजून सगळ्यात कामाची वाटते. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही लाल कळतो, आणि वैद्यकीय अधिकाऱ्याला उत्तर तिच्या समोर द्यावं लागतं. रंग गावाने भरायचा, कर्मचाऱ्याने नाही. एक पथ्य मात्र पाळा: नावं वहीतच राहू द्या. छोट्या वस्तीत ‘क्षयरुग्ण १’ एवढं फळ्यावर लिहिलं तरी घर कळतं. असे आकडे उपकेंद्राच्या पातळीवरच वाचावेत.

ग्राम आरोग्य समितीच्या निधीतून काही घ्यायचंच असेल तर भिंतीच्या रंगाआधी लांबी मोजायची फळी घ्या. आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तीनच गोष्टी वाचा: मागच्या वेळी लाल काय होतं, ते कुणी करायचं ठरलं होतं, झालं का.