म्हातारपणी आजारी पडायचंय? आधी पत्ता बदला

परवा गल्लीतल्या एका आजींना घेऊन मोठ्या दवाखान्यात गेलो होतो. साखर जुनी, पायाला जखम. डॉक्टरांनी पट्टी सोडून बघितलं आणि म्हणाले, "आजी, इतके दिवस झोपला होतात का?" आता साखरेनं पायाच्या नसा बधिर झाल्या की जखम दुखतच नाही हे त्यांना मी काय सांगणार, ते शिकलेत. तर अशी बोलणी तुम्हाला बसू नयेत म्हणून काही फुकट सल्ले.

सगळ्यात आधी, गरीब वस्तीत म्हातारे होऊ नका. स्कॉटलंडमधली २०१२ ची पाहणी सांगते की एकाच अंगात दोन-तीन जुनाट दुखणी साचणं हे गरीब वस्तीत सुखवस्तू वस्तीपेक्षा दहा ते पंधरा वर्षं आधी सुरू होतं. म्हणजे तुमचं म्हातारपणसुद्धा घाईत येतं, फक्त डॉक्टर सावकाश येतो. आला तर.

कानानं कमी ऐकू येत असेल तर दवाखान्यात जाऊच नका, नाव एकदाच पुकारतात.

अपॉइंटमेंट मोबाईलवरून घ्या. मोबाईल नातवाकडे असेल तर नातू घरी येईपर्यंत छातीत दुखू देऊ नका.

आता प्रवासाचं. जवळचा दवाखाना बंद होऊन लांबच्यात 'विलीन' झाला असेल तर आनंद माना, तिथं मशिनं मोठी आहेत. दोन बस बदला, स्टॉपवर बसायला बाक नाही तर उभे राहा, फुटपाथ उखडलाय तर रस्त्यावरून चाला. आणि हो, निघायच्या दिवशी बीपीसाठी दिलेली लघवीची गोळी घेऊ नका, कारण वाटेत कुठेही संडास नाही. सगळ्या म्हाताऱ्या बायका हेच करतात, कुणी कबूल करत नाही. गोळी घेतली नाही, वर पाणीही प्यायलं नाही, उन्हात उभं राहून दोन मजले जिने चढून गेलं की बीपी वाढलेलं दिसणारच, मग डॉक्टर म्हणणार औषध पुरत नाही, डोस वाढवा. घरी येऊन म्हातारी इमानदारीत वाढवलेला डोस घेते, रात्री उठताना बीपी एकदम खाली, चक्कर, मोरीत पडली, खुबा मोडला. मग तोच दवाखाना विचारतो, घरात लक्ष द्यायला कुणी नाही का? आहे ना, पण ते कामावर गेलंय, एक दिवस सोबत यायचं म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. या सगळ्यात एका साध्या संडासाचा प्रश्न होता, डोसचा नव्हताच!

औषध संपत आलं तर एक दिवसाआड घ्या, पुरवून पुरवून. तसंही सगळे तेच करतात.

हे काही नवीन नाही. ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचा वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात प्रॅक्टिस करणारा डॉक्टर १९७१ सालीच 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहून गेला की जिथं गरज जास्त तिथंच चांगले उपचार मिळणं कठीण, आणि बाजाराच्या हाती जितकं सोपवाल तितकं हे वाढणार. पन्नास वर्षं उलटली, आणि आपण अजून आजीला विचारतोय झोपला होतात का!

बास झाले सल्ले. अहो कारभाऱ्यांनो, दवाखाना तुम्ही उचलून लांब नेलात, बस तुम्ही कमी केल्यात, नर्सची पदं तुम्ही भरली नाहीत, आणि निष्काळजी कोण तर पंचाहत्तरीची बाई? वस्तीत आठवड्यातून एकदा नर्स पाठवा, पाय बघा, साखर बघा, गोळ्या घरपोच द्या. पैसे नाहीत म्हणू नका, पाय कापायच्या ऑपरेशनला बरे असतात. आणि तेवढंही जमत नसेल तर निदान समोर बसलेल्या म्हाताऱ्या माणसावर खेकसू तरी नका, लाज वाटली पाहिजे.