ट्राउट संपला, असं म्हणायला शिका

बेसबॉलचा खेळाडू किती मोठा हे ओळखायचं असेल तर पहिलं पथ्य पाळा: बेसबॉल बघू नका. बघितलंत की फसलात. तीन तास जातात, मध्येच एखादा पोरगा कुंपणाच्या वर हात घालून बाहेर चाललेला होम रन, म्हणजे बेसबॉलचा षटकार, परत आणतो (एंजल्स संघाच्या माइक ट्राउटने 2012 च्या जूनमध्ये बाल्टिमोरला आणला होता), तुम्ही सोफ्यावरून उठून ओरडता, आणि मग तुमचं मत तटस्थ राहत नाही. त्यापेक्षा फोन काढा. त्याच्या रूकी कार्डाचे, म्हणजे नवखा असतानाच्या छापील चित्राचे, शेवटचे चार-पाच सौदे बघा. भाव चढलाय? थोर. उतरलाय? संपला. दोन मिनिटांत निकाल, तोवर चहाही निवत नाही.

हे ज्ञान मला गेल्या रविवारी झालं. इथे न्यू जर्सीत आमच्या मंडळाची सहल होती. भेळ सुरू होती, क्रिकेटला माणसं जमत नव्हती, आणि माझी 10 वर्षांची लेक झाडाखाली कार्डांचा अल्बम उघडून बसली होती. तिथे एक गृहस्थ आले. नाव कशाला, तज्ज्ञ म्हणू. एका हातात भेळेची प्लेट. दुसऱ्या हाताने त्यांनी प्लास्टिकच्या खिशातून ट्राउटचं कार्ड उपसलं, 2011 चं टॉप्स अपडेट, म्हणजे त्याचं रूकी कार्ड, मी तिला वाढदिवसाला दिलेलं. उन्हात तिरकं धरून म्हणाले, "डावीकडे मार्जिन जास्त आहे. 10 नाही मिळणार. आणि ट्राउट काय गं, ट्राउट संपला. ओहतानी घ्यायचा, बेटा." कार्ड टेबलावर ठेवून ते जिलेबीकडे वळले.

लेकीने मला विचारलं, "बाबा, ट्राउट वाईट आहे?"

तर तज्ज्ञांच्या चरणी बसून शिकलेलं थोडं तुम्हालाही देतो.

कार्ड हातात आलं की त्यावरचा माणूस बघू नका. मुलगी बघायला आलेल्या आत्यासारखं ते उलटसुलट करा. कोपरे टोकदार आहेत का, कडा पांढऱ्या पडल्यात का, चित्र मधोमध आहे का, पृष्ठभागावर ओरखडा आहे का. मग पत्रिका जुळवणाऱ्या, म्हणजे कार्डाला 10 पैकी गुण देणाऱ्या, कंपनीकडे पैसे भरून पाठवा, महिनोन्महिने वाट बघा. आपल्याकडे 36 पैकी 18 गुण जुळले तरी मांडव पडतो. इथे 10 पैकी 9 आले तर घरात सुतक. चित्रातला खेळाडू तोच, शाई तीच, कागद तोच. पण 9 चा ट्राउट हा 10 च्या ट्राउटच्या निम्म्यानेही चांगला खेळत नाही, हे ध्यानात ठेवा.

सीलबंद पाकीट फोडू नका. आत कार्डं निघतात.

किमतीवरून इतिहासही शिकता येतो. ट्राउटचं 2009 चं बोमन क्रोम कार्ड, सही केलेलं, जगात एकच, 2020 च्या ऑगस्टमध्ये 39 लाख 36 हजार डॉलरला गेलं. तेव्हा ते जगातलं सगळ्यात महाग स्पोर्ट्स कार्ड होतं, म्हणजे तेव्हा ट्राउट सर्वकाळचा श्रेष्ठ. मग 2022 च्या ऑगस्टमध्ये जुन्या जमान्यातल्या मिकी मँटलचं 1952 चं कार्ड 1 कोटी 26 लाखांना विकलं गेलं. म्हणजे मँटल ट्राउटच्या तिप्पट थोर झाला, आणि तेही वारल्यावर 27 वर्षांनी. एकही चेंडू न मारता! फॉर्म याला म्हणतात.

दुखापत हा चारित्र्यदोष समजा. 2021 ला पोटरी, 2022 ला पाठ, 2023 ला हाताचं हाड, 2024 ला गुडघा. चांगल्या घरातल्या माणसाला असं होतं का?

आणि रामबाण प्रश्न: "पण त्याने जिंकलंय काय?" हा कुठेही चालतो. लग्नात, सहलीत, लिफ्टमध्ये. ट्राउटच्या संघाला, एंजल्सला, त्याच्या काळात प्लेऑफ, म्हणजे मोसमाअखेरची बाद फेरी, मिळाले एकदाच, 2014 ला. तीन सामने, तिन्ही हरले, ट्राउटचा 12 वेळांत एकच हिट (यशस्वी फटका), तोही होम रन. बास, लावा निकाल. हे विचारात घेऊ नका की बेसबॉलमध्ये आपली पाळी झाली की आठ जणांच्या पाळ्या होईपर्यंत बाकावर बसावं लागतं. दुसऱ्या टोकाला उभं राहून दिवसभर खेळ लावून धरायची सोय नाही. चेंडू टाकणारा त्याचा नाही, सातव्या डावात आघाडी घालवणारा त्याचा नाही, माणसं विकत घेणारा मालक त्याचा नाही. बरं, ओहतानी घ्यायचा ना? तो 2018 ते 2023 अशी सहा वर्षं याच संघात, याच ट्राउटच्या शेजारी खेळत होता. प्लेऑफचं तोंड पाहिलं नाही. एकाच संघात दोघे, तरी नाही! डॉजर्समध्ये गेला आणि 2024 आणि 2025, दोन्ही वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाच्या अंतिम लढती, जिंकला. म्हणजे 2023 च्या सप्टेंबरात तो भुक्कड होता आणि विमानात बसल्यावर महान झाला? टेड विल्यम्ससारख्या दिग्गजाने कधी वर्ल्ड सिरीज जिंकली? आणि लांब कशाला जाता, 2 एप्रिल 2011 च्या सकाळपर्यंत आपला सचिन कोण होता? एकवीस वर्षं वानखेडेवर काय गवत कापत होता? तेव्हा कोणी "त्याने जिंकलंय काय" म्हटलं असतं तर तुम्हीच त्याला चाळीतून खाली ढकलला असता की नाही?

असो. विनोदी लिहायचं होतं.

आणखी एक युक्ती होती, जुन्या... जाऊ दे ती.

अरे, तू. जिलेबीवाल्या. तुझ्याशीच बोलतोय. त्या मिलव्हिलच्या पोराचं, ट्राउटचं, गाव आपल्यापासून दीड-दोन तासांवर आहे, माहीत आहे का तुला? 2009 ला सिकॉकसच्या स्टुडिओत ड्राफ्टला, म्हणजे संघ नवी पोरं निवडतात त्या कार्यक्रमाला, स्वतः येऊन बसलेला तो एकटाच पोरगा होता, आणि 24 नावं पुकारून झाली तरी त्याचं आलं नव्हतं. चोविसावं नाव तर एंजल्सनेच दुसऱ्याचं घेतलं होतं. तीन वर्षांनी त्याच पोराने 30 होम रन मारले आणि 49 बेस चोरले, म्हणजे फटका नसताना पळून पुढचे बेस गाठले. मग तीनदा एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वात मोलाचा खेळाडू. भाव पडला म्हणून ते 49 बेस आता परत करायचेत का त्याने? 2025 च्या सप्टेंबरात, गुडघ्यांची वाट लागलेली असताना, डेन्व्हरला 400 वा होम रन मारला, 485 फूट. तू बघितलास? नाही बघितलास. तू तेव्हा फोनवर भाव बघत होतास. एक सामना पूर्ण बघितलायस का कधी? आणि 10 वर्षांच्या पोरीला शिकवतोस, कोण संपला ते!

लेक तेव्हापासून पट्टी घेऊन बसते. डावीकडचं मार्जिन मोजते, उजवीकडचं मोजते, वहीत लिहिते. हे तू केलंस.

आणि ज्या कडा-कोपऱ्यांची तुला एवढी चिंता होती ना, घरी येऊन बघितलं तर त्या कार्डाच्या मागे, जिथे आकडे छापलेले असतात तिथे, चिंचेच्या चटणीचा अख्खा अंगठा उमटलाय. तुझा. तिने ओल्या कापसाने पुसला. फिका झाला, गेला नाही. गणपतीला येशील तेव्हा अल्बमपासून लांब राहा, आणि आधी हात धू.